दोन्ही हात अडकलेले, मान मोकळी

बापटकाका म्हणजे सगळी नोकरी ओहायोतल्या हॉस्पिटलांत भूल देण्यात घालवून निवृत्त झालेले डॉक्टर. माझ्या पहिल्या कार्यक्रमाला ते सुधाकाकूंबरोबर आले, पुढच्या रांगेत बसले आणि मध्यंतरात मला बाजूला घेऊन म्हणाले, "मला लोकांना झोपवायला औषध लागायचं रे. तू नुसत्या वायरींवर भागवतोस. मानलं तुला!"

या अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मला आधी काकांचं ते वाक्य आठवलं. बाई म्हणाल्या, "तुमच्या कामाबद्दल लिहा, काहीही चालेल." मी म्हटलं, "मी ऑर्केस्ट्रासाठी संगीत तयार करतो." त्यावर त्यांनी जपून विचारलं, "म्हणजे जुनी हिंदी गाणी वगैरे?"

त्यांची काही चूक नाही. मराठीत ऑर्केस्ट्रा म्हटलं की झगमगीत कोट घातलेला निवेदक आणि फर्माइशीच्या चिठ्ठ्याच डोळ्यांसमोर येतात. माझी आईही मिरजेत शेजारच्यांना बरीच वर्षं सांगत होती की श्रीकांतचा तिकडे ऑर्केस्ट्रा आहे, आणि शेजारच्यांना तिची दया यायची. आमच्या गावात घरोघरी तंबोरे घडतात. त्या गावातला मुलगा इंजिनियर झाला, कॅलिफोर्नियात सनीव्हेलला कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत लागला, आणि मग ते सगळं सोडून चाळिशीत पुन्हा विद्यार्थी होऊन संगीतरचना शिकायला बसला. घर तेव्हापासून बायकोच्या, मेधाच्या नोकरीवर चालतं. ती औषधांच्या कंपनीत आहे. तिच्या बदलीमुळेच आम्ही डब्लिनला आलो. हे डब्लिन आयर्लंडमधलं नव्हे, कोलंबस शहराला चिकटलेलं, ओहायोतलं. या सगळ्याचं मला वाईट वाटत राहतं. मेधा म्हणते, "तुला वाईट वाटायला आवडतं. छंद आहे तो तुझा. संगीत हा व्यवसाय, आणि अपराधी वाटणं हा छंद."

तर व्यवसायाबद्दल सांगतो.

आमच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन, चेलो, बासरी, ओबो, पितळी वाद्यं असं सगळं आहे. वाजवणारे सगळे हौशी. एक दाताचे डॉक्टर, काही निवृत्त शिक्षक, एक बँकेतली बाई, आणि ट्यूबा नावाचं ते अंगाला वेढा घालणारं प्रचंड पितळी वाद्य वाजवणारा जिम, जो लोकांची घरं उबदार ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करायचा. दर मंगळवारी संध्याकाळी एका शाळेच्या बँडच्या खोलीत आम्ही जमतो. मी त्यांचा संगीतकार, आणि जवळच्या एका कॉलेजात थोडंफार शिकवतोही.

लोकांना वाटतं, संगीतकार खिडकीपाशी बसतो, त्याला काहीतरी सुचतं, तो ते लिहून काढतो आणि मग बाकीचे वाजवतात. मी असं करत नाही. मंगळवारी सगळे जमले की मी एखादी सूचना देतो. उदाहरणार्थ, "शेजारच्या खोलीत कोणीतरी झोपलंय, त्याला जाग येऊ न देता त्याच्याबद्दल बोला." मग सगळे आपापल्या वाद्यावर जे सुचेल ते वाजवतात. आपल्याकडे गायक जिला उपज म्हणतो, तशी ही पंचवीस-तीस माणसांची एकत्र उपज. मी माझ्या पेटीपाशी बसतो. ही पेटी म्हणजे बटणं, खटके आणि रंगीबेरंगी वायरींनी भरलेलं एक लाकडी खोकं. मेधा त्याला टेलिफोन एक्स्चेंज म्हणते. समोरच्यांचे आवाज मी त्यात पकडतो, ताणतो, उलटे करतो, आणि पुन्हा त्यांच्याकडे सोडतो. त्याच्या उत्तरात ते आणखी काही वाजवतात. हे सगळं रेकॉर्ड होतं. आठवडाभर मी ते ऐकतो, बहुतेक टाकून देतो, आणि उरेल त्यातून एक नकाशा तयार करतो. इथे सगळ्यांनी यायचं, इथे चेलोने एकट्याने जायचं, इथे वाटेल ते करायचं पण या सुराच्या बाहेर पडायचं नाही. कार्यक्रमात तो नकाशा समोर ठेवून वाजवतात. रस्ता ठरलेला, चाल ज्याची त्याची.

यात अडचण फक्त जिमची. तो कुठल्याही सूचनेवर कॉलेजच्या फुटबॉल टीमचं गाणं वाजवतो. एकदा मी म्हटलं, "समुद्राच्या तळाशी कोणी नाही." जिमने ते गाणं फार सावकाश वाजवलं आणि मला म्हणाला, "ते सगळे बुडालेत."

माझी जी रचना थोडीफार गाजली तिची सुरुवात आमच्या फ्रिजपासून झाली. भारतातली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, अमेरिकेतली साठ वेळा. त्यामुळे इथले फ्रिज, ट्यूबलाइट, ट्रान्सफॉर्मर तिकडच्यापेक्षा चढ्या सुरात गुणगुणतात. मिरजेच्या घरामागच्या ट्रान्सफॉर्मरला षड्ज धरलं, तर डब्लिनचा फ्रिज चोख कोमल गंधारावर येतो. हे कळलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. काका म्हणाले, "म्हणजे घरदार सोडून, सात समुद्र ओलांडून तू पोचलास कुठपर्यंत, तर कोमल गंधारापर्यंत!" मी तिकडचा षड्ज बॅटरीवरच्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यात लावला, इकडचा गंधार पेटीत भरला, आणि या दोघांच्या मध्ये ऑर्केस्ट्राला सोडून दिलं. (गणेशोत्सवात इथल्या मराठी मंडळाच्या आग्रहावरून तिचा एक तुकडा ऐकवला. त्यानंतर एका काकूंनी मला फार आपुलकीने विचारलं, "माइक खराब होता का रे?")

आता मुद्द्यावर येतो. उपजेत माणसांना खुणा लागतात. मूठ आवळली की थांबा, तळहात पसरला की सूर धरून ठेवा, बोट गोल फिरवलं की आत्ता वाजवलंत ते पुन्हा. पण माझे दोन्ही हात बहुतेक वेळ पेटीच्या बटणांवर अडकलेले असतात. म्हणून अगदी पहिल्याच मंगळवारी मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "माझे हात यंत्रावर असतील तेव्हा माझ्या मानेकडे बघा. मान सांगेल."

हे वाक्य माझंच आहे. त्याचा दोष दुसऱ्या कोणाला देता येत नाही, मी प्रयत्न करून पाहिला आहे.

ओबो हे काळं, सडपातळ, आपल्या सनईच्या नात्यातलं वाद्य. कार्यक्रमाआधी सगळा ऑर्केस्ट्रा ओबोच्याच सुरावर आपली वाद्यं जुळवतो. आमच्याकडे ओबो डॉरथी वाजवते. ती शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेली आहे. सत्तरीची, ताठ, बारीक कापलेले पांढरे केस, आणि फार कमी बोलणारी. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', पण तिच्याशी बोलताना मला मनातल्या मनात कायम 'तुम्ही'च सुचतं. आयुष्यभर छापील नोटेशन वाजवलेल्या बाईला उपज जमेल की नाही अशी मला शंका होती. पण दोन-चार मंगळवारांतच ती माझ्या गंधाराला टेकून असं काही वाजवू लागली की माझे हात बटणांवर तसेच राहायचे.

फक्त तिची एक सवय होती. वाजवणं ऐन रंगात आलं, आता पुढचा सूर कुठे लागणार म्हणून जीव कानांत गोळा झाला, की डॉरथी थांबायची. एकदम. मागोमाग बाकीचेही थांबायचे. मग नुसता तंबोरा. थोड्या वेळाने ती खाली मान घालून दुसरंच काही सुरू करायची, साधं, सभ्य, जरा कोरडं.

मला वाटलं, ही तिची शैली. केवढा संयम! त्या थांबण्याच्या जागा मी नकाशात जशाच्या तशा घेतल्या. हिवाळ्यातल्या कार्यक्रमानंतर इथल्या एका वृत्तपत्रात आमच्याबद्दल चार ओळी आल्या. त्यात रचनाकाराच्या धाडसी मौनाचं कौतुक होतं. मी ते कात्रण मेधाला दाखवलं. ती म्हणाली, "घरी भांडी कोणी घासायची हे विचारल्यावर तू धाडसी मौन पाळतोस, तेच का हे?"

आणि मग एका मंगळवारी तालीम संपल्यावर डॉरथी माझ्यापाशी आली. ओबोचे तुकडे सुटे करून त्याच्या डब्यात ठेवून झाले होते, कोटाची बटणं लावून झाली होती.

"श्री, वसंतातला कार्यक्रम माझा शेवटचा," ती म्हणाली. "तोपर्यंत तू दुसरं कोणी शोध."

"पण का?"

"तुला जे हवंय ते मला देता येत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला."

मी काही बोलायच्या आत ती निघून गेली. कोणाला अपराधी वाटण्याची कला येत असेल, तर पुढचे काही आठवडे मी काय केलं असेल याची त्याला कल्पना येईल. मला वाटलं, माझ्या स्पीकरचा आवाज तिच्या कानाला त्रास देतो. पुढच्या मंगळवारी मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली आणि स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला. तिथे तो जिमच्या मागे आला. जिम म्हणाला, "माझ्याशी काय वैर आहे?" मग त्याचीही माफी मागितली. मग वाटलं, मी तालमीला आणतो तो चिवडा तिखट असतो. मेधाला बिनतिखटाचा करायला लावला. मग वाटलं, मी तिच्या नावाचा उच्चार नीट करत नाही. गाडीत एकटा 'डॉरथी, डॉरथी' म्हणत कॉलेजला जाऊ लागलो. प्रत्येक वेळी ती शांतपणे म्हणायची, "ते काही नाही, श्री." आणि तालमीत पूर्वीसारखीच ऐन जागी थांबायची.

कार्यक्रम जवळ येत चालला होता. ओबो वाजवणारं दुसरं माणूस मिळालंही असतं. पण त्या षड्ज-गंधारामध्ये तिला जी जागा सापडली होती ती दुसऱ्या कोणाला सापडणार नव्हती. आणि त्याहूनही टोचत होतं ते हे, की आयुष्यभर संगीतात राहिलेली बाई माझ्यामुळे, आणि का ते मला कळलेलं नसताना, 'मला जमत नाही' असं म्हणत घरी जाणार होती.

त्या दिवसांत एकदा सुधाकाकूंनी फोन केला. "अरे, यांना मंगळवारी घेऊन जा तुझ्याबरोबर. घरात बसून माझ्या स्वयंपाकाला भूल देतायत." काका आले. बँडच्या खोलीत मागच्या भिंतीशी एक खुर्ची ओढून बसले. माझं तोंड ऑर्केस्ट्राकडे, काका बरोबर त्यांच्या मागे, म्हणजे माझ्या समोर. त्या दिवशी डॉरथीने गंधारावरून असा एक सूर उचलला की काकांची मस्करी बंद झाल्याचं मला इथून दिसलं. आणि ती थांबली.

घरी परतताना गाडीत काका माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "श्रीकांत, एक विचारू? ती बाई इतकं चांगलं वाजवते. तू तिला सारखं नको नको का म्हणतोस?"

"मी कधी म्हणालो?"

"मी समोरच होतो ना. तिने तो वरचा सूर लावला, आणि तू हे असं केलंस." काकांनी डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या, दाढ दुखत असल्यासारखा चेहरा केला आणि मान सावकाश उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे हलवली. वर जिभेने 'च्च' केलं.

"काका, ती दाद होती!"

"मला कळलं ती दाद. मी सातारचा आहे. ती बाई कुठली?"

मी गाडी बाजूला एका दुकानाच्या पार्किंगमध्ये घेतली. काका म्हणाले, "मी इथे नवीन होतो तेव्हाची गोष्ट. ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स हातात भरलेली सिरिंज धरून विचारायची, 'रेडी, डॉक्टर?' मी हो म्हणून मान डावी-उजवीकडे डोलवायचो. ती सिरिंज परत ठेवायची. मी म्हणायचो, दे ना. ती उचलायची, पुन्हा विचारायची, मी पुन्हा मान हलवायचो. शेवटी सर्जन ओरडला की या माणसाला हो म्हणायला शिकवा. अरे, आपल्या मानेचा इथे उलटा अर्थ लागतो, आणि तू तर त्यांना मानेकडेच बघायला सांगितलंयस!"

आमच्या गावात गाणं ऐकताना मान हलली नाही तर शेजारचा माणूस 'बरं नाही का वाटत?' असं विचारायचा. सूर जितका जीवघेणा, तितकी मान आडवी. 'छे, हे शक्यच नाही, असा सूर असूच शकत नाही' असं म्हणणारी ती मान. आणि समोरच्या ताठ, शिस्तीच्या, नोटेशनवर वाढलेल्या बाईला काय दिसत होतं? तिने जिवापाड काही वाजवायला घेतलं की संगीतकार डोळे मिटतो, तोंड वाकडं करतो, नको नको म्हणतो आणि वर चुकचुकतो.

घरी गेल्यावर खात्री करून घ्यायची म्हणून मी काहीच न सांगता जेवायला बसलो. आमची मुलगी इथेच वाढलेली. तिने वरणाचं भांडं पुढे करून विचारलं, "बाबा, मोअर?" मी नेहमीसारखी मान हलवली. तिने भांडं उचललं आणि बाजूला ठेवून दिलं.

"अगं, मी हो म्हणालो."

"नो, यू सेड नो. यू ऑल्वेज से नो."

मेधा म्हणाली, "मला वाटायचं तू डाएटवर आहेस."

दुसऱ्या दिवशी मी डॉरथीच्या घरी गेलो. तिने दार उघडलं आणि म्हणाली, "श्री, आज कशाबद्दल माफी?" आत येऊन मी तिला सगळं सांगितलं. मिरज, तंबोरे, बैठकीत बसणारी माणसं, मान, चुकचुकणं. करूनही दाखवलं. ती हातातला कप तसाच धरून ऐकत होती.

"पुन्हा करून दाखव," ती म्हणाली.

मी पुन्हा केलं.

"आणि याचा अर्थ, चांगलं आहे?"

"फार चांगलं आहे. सहन होत नाही इतकं चांगलं आहे."

"म्हणजे दर वेळी मी थांबले तेव्हा..."

"तेव्हाच तुम्ही सगळ्यात सुंदर वाजवत होता."

मला वाटलं, ती हसेल. ती हसली नाही. तिने कप खाली ठेवला. "तू नाही म्हणालास की मी घरी येऊन तो सूर दुसऱ्या तऱ्हेने वाजवून बघायचे. ओठ दुखेपर्यंत. मग तो सोडून दुसरा शोधायचे. मला वाटायचं, याला जे ऐकू येतंय ते मला येत नाही. माझं वय झालं." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "मुलांना मी शिकवायचे, चुकीचा सूर लागला तरी चेहरा करू नये. मूल तो चेहरा विसरत नाही."

मला माफी मागायची होती, पण इतक्या दिवसांत चुकीच्या गोष्टींसाठी इतक्या वेळा मागून झाली होती की खऱ्या गोष्टीसाठी शब्द शिल्लक नव्हता. शेवटी तीच म्हणाली, "आणि ते पेपरात आलेलं धाडसी मौन? ते कोणाचं?"

"तुमचं," मी म्हटलं.

"छान. मग कार्यक्रमाच्या पत्रिकेत तसं लिही." दारापर्यंत आली तेव्हा मी तिला विचारलं, आता तरी ऑर्केस्ट्रात राहणार ना. ती म्हणाली, "कार्यक्रम होऊ दे. माझं मी बघते."

पुढच्या मंगळवारी मी सगळ्यांना मानेचा खुलासा केला. सगळे आपापल्या आठवणी तपासत होते. दाताचे डॉक्टर म्हणाले, "म्हणजे तो माझा व्हायोलिनचा तुकडा तुला आवडला होता?" मी म्हटलं, "नाही, तेव्हा मी खरंच नाही म्हणत होतो." मग जिम उभा राहिला. "आणि मी ते फुटबॉलचं गाणं वाजवायचो तेव्हा तू मान जोरजोरात हलवायचास. मला वाटायचं, तुला आवडत नाही. देवा! मी ते आणखी वाजवायला हवं होतं!" त्यानंतर हंगाम संपेपर्यंत तो कोणाचं ऐकेना.

काकांनी जुन्या सामानातून मानेला लावायचा पट्टा शोधून आणला. "हा घालून बस. मान हलणार नाही, कोणाचा गैरसमज नाही." मी तो घालूनही पाहिला. डॉरथीने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "काढ ते. आता आम्हाला भाषा येते."

कार्यक्रम शाळेच्याच सभागृहात होता. पत्रिकेत रचनेच्या नावाखाली मी लिहिलं होतं की यातल्या सगळ्या थांबण्याच्या जागा डॉरथीच्या आहेत. काकांनी मंडळातली बरीच माणसं गोळा करून आणली होती आणि पुढची रांग आपल्याच लोकांनी भरली होती. माझी पाठ त्यांच्याकडे, पण कुजबुज ऐकू येत होती. एक काकू म्हणत होत्या, "आज माइक नीट आहे वाटतं."

तंबोरा लावला. पेटीतून गंधार सोडला. सगळं नकाशाप्रमाणे चाललं होतं, आणि मग डॉरथीची जागा आली. तिने तो सूर उचलला. पूर्वी तोडून टाकलेला, घरी जाऊन दुसऱ्या तऱ्हेने वाजवून पाहिलेला, तोच. आणि माझी मान आखडली. भीतीने. इतका खुलासा करून झाला होता तरी वाटलं, आता हलली आणि ती थांबली तर? मी काकांच्या पट्ट्यापेक्षा ताठ बसून राहिलो. डॉरथीने वाजवता वाजवता वर पाहिलं. तिला काहीतरी हवं होतं आणि मी ते धरून ठेवलं होतं.

तेवढ्यात माझ्या पाठीमागून, पुढच्या रांगेतून, आवाज आला. "च्च."

बापटकाका.

मग माझ्या मानेवर माझा ताबा राहिला नाही. ती उजवीकडे गेली, डावीकडे आली, डोळे मिटले, दाढ दुखू लागली. आणि सबंध ऑर्केस्ट्रा थांबला. चेलो, व्हायोलिन, बासऱ्या, जिम, सगळे. खुलासा डोक्यात गेला होता, हातांत अजून पोचला नव्हता. सभागृहात एकदम काही उरलं नाही. फक्त तंबोरा, आणि ओबो. डॉरथी थांबली नव्हती. ती त्या रिकाम्या जागेत एकटी पुढे गेली, जिथे ती इतके दिवस जायची राहिली होती. मला नकाशात असं काही लिहायचं धाडस झालं नसतं. बाकीचे वाद्यं मांडीवर ठेवून ऐकत होते. कोणी परत आलं नाही, आणि मी कोणाला बोलावलं नाही.

वृत्तपत्रात पुन्हा चार ओळी आल्या. सगळा ऑर्केस्ट्रा थांबवून ओबोला एकटं सोडण्याच्या निर्णयाबद्दल माझी स्तुती होती. मी त्यांना फोन करून सांगितलं की तो निर्णय नव्हता, घोटाळा होता. पलीकडच्या माणसाला वाटलं, मी विनय दाखवतोय.

कार्यक्रमानंतर गर्दीत डॉरथी भेटली. सुधाकाकू तिचा हात हातात धरून मराठीतच काहीतरी सांगत होत्या आणि तिला ते कळत असावं असं वाटत होतं. मी विचारलं, "उन्हाळा संपल्यावर येणार ना?"

तिने डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या आणि मान सावकाश उजवीकडून डावीकडे हलवली. मग गेली.

गाडीत मी काकांना विचारलं, "ते मराठीत होतं की इंग्रजीत?"

काका म्हणाले, "तू शिकवलंस, तुला माहीत." आणि खिडकीबाहेर बघत घरापर्यंत हसत राहिले.

सगळा उन्हाळा मी त्या मानेचा अर्थ लावत होतो. मेधा म्हणायची, "फोन करून विचार." मला विचारवत नव्हतं. नाही असेल तर तो नकार मला माझ्याच मानेच्या खुणेने परत मिळालेला असणार, आणि तिला तसं करण्याचा हक्क होता. उन्हाळा संपला. पहिल्या मंगळवारी तंबोरा आणि टेलिफोन एक्स्चेंज दोन्ही हातांत घेऊन मी शाळेच्या व्हरांड्यातून चाललो होतो, उशीरच झाला होता, आणि बँडच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आतून एकच सूर येत होता. वाद्यं जुळवायचा तो सूर, ओबोवर.

मी दारात उभा राहिलो. तिने ओबोवरून माझ्याकडे पाहिलं. माझे दोन्ही हात अडकलेले होते. मान हलली, आडवी.

सूर थांबला नाही.